घराण्यात कोड आहे म्हणजे नेमकं काय आहे?

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेत त्वचारोगतज्ज्ञ वक्त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय ‘जनुकीय वैविध्य आणि ऑटोइम्यून आजारांचा धोका’ असा छापला आहे. एवढं भारदस्त नाव वाचूनही व्हरांड्यात खुर्च्या टाकाव्या लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. मागच्यांना आवाज पोचतोय ना? नसेल तर हात करा, मी माईक जवळ घेते.

ऑटोइम्यून आजारांची यादी ऐंशीच्या वर जाते. आमवात, लहान वयातला टाइप १ मधुमेह, ल्यूपस, थायरॉइडचा हाशिमोटो, गव्हानं होणारा सीलिॲक. शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या पेशी आपल्याच पेशींवर उलटतात, हे तुम्ही आरोग्य पुरवण्यांतून वाचलेलं आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. आज मी एकच आजार हातात धरणार आहे, तो म्हणजे कोड, अंगावर पांढरे डाग पडतात तो. एक तर तो माझ्या रोजच्या कामातला. दुसरं म्हणजे, जनुकांचं नाव पुढे करून आपल्या भागात सगळ्यात जास्त लग्नं कुठल्या आजारापायी मोडत असतील तर ती कोडापायी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे वेळ संपला तरी ते राहायला नको. ‘त्यांच्या घराण्यात कोड आहे’ हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीत ज्या अर्थानं बोललं जातं, त्या अर्थानं ते खोटं आहे. कोडात जनुकांचा वाटा आहे, चांगला मोठा आहे, आणि तो मी लपवणार नाही. पण तो वाटा ज्या रीतीनं काम करतो, ती रीत एकदा समजली की त्यावरून स्थळ नाकारायला जागा उरत नाही.

आता जरा हात वर करा. लहानपणी घरात कोणाकोणाला सांगितलं होतं की कोड म्हणजे महारोगाचाच एक प्रकार? लाजू नका, सांगणारे वेगळे होते. (हशा) बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. महारोग जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सननं तो जंतू १८७३ साली शोधला, आणि आज तो आजार औषधांनी पूर्ण बरा होतो. कोडात जंतूच नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, आपण त्यांना रंगपेशी म्हणू, शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे मघाशी म्हटलं त्या रक्षण करणाऱ्या पेशी, मारून टाकतात. त्वचा शाबूत असते, संवेदना शाबूत असते, फक्त रंग जातो. हात लावून, ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून ते कोणाला होत नाही. महारोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात होतं, ते २०१९ साली काढलं गेलं. कोड तर त्या कायद्यात कधी नव्हतंच. तरी सोयरिकीत ते आजही पहिल्या दोन-तीन प्रश्नांत येतं.

मग मासे-दुधाची गोष्ट. मासे खाऊन वर दूध प्यायलं की कोड फुटतं, असं मला दर आठवड्याला कोणी ना कोणी सांगतं. तसा काही पुरावा नाही. बंगालात, कोकणात, केरळात माशांवर वाढलेली कोट्यवधी माणसं आहेत, आणि कोड तिथे काही वेगळ्या गतीनं पसरलेलं नाही. याहून मला राग येतो तो ‘आंबट बंद’चा. आठ-नऊ वर्षांची पोरं येतात, त्यांचं चिंच, लिंबू, ताक, आवळा, सगळं बंद केलेलं असतं. शाळेत बोरं-चिंचा वाटल्या जातात तेव्हा हे पोर बाजूला उभं. अंगावरचा डाग त्याला एरवी आठवतही नसतो, या पथ्यानं तो दिवसातून चार वेळा आठवतो. कृपा करून मुलांना आंबट खाऊ द्या.

आणि बावचीचं तेल. बावचीत सोरालेन असतं, त्यावर ऊन पडलं की रंगपेशींना चालना मिळू शकते, हे खरंच आहे. आपल्या जुन्या वैद्यांना ही वनस्पती माहीत होती. पण तेच तेल दुपारच्या उन्हात अंदाजानं चोळलं की तळहाताएवढे फोड येतात. जखमेच्या जागी कोड नव्यानं उमटू शकतं, म्हणजे डाग घालवायला गेलेला माणूस डाग वाढवून येतो.

तर मुद्द्यावर येते. एक हकीकत सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारून सांगते आहे.

मुलगी इंजिनिअर, पुण्यात नोकरीला. तिच्या आईला कोड. हातांवर, पायांवर, ओठांच्या कडेला. मुलीच्या अंगावर एक ठिपका नाही. स्थळ शेजारच्या तालुक्यातलं, मुलाच्या वडिलांचा हळदीचा व्यापार, माणसं भली. पाहण्याचा कार्यक्रम झाला त्या दिवशी आई पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून आतल्या खोलीत बसून होती. पोह्यांच्या बश्या बाहेर आणल्या त्या मावशीनं. स्वतःच्या मुलीच्या पाहण्याला आई आत. मुलीनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही, पण बोलताना सारखी हातातला रुमाल घडी करत होती आणि उलगडत होती.

हॉल ठरला, पत्रिकेचा मजकूर ठरला, आणि मग मुलाच्या आत्यांना कुठल्यातरी जुन्या फोटोत आईचे हात दिसले. तिथून चक्रं फिरली. कोणीतरी सुचवलं, आता विज्ञान पुढे गेलंय, जनुकांची तपासणी करून घ्या, म्हणजे मनात काही राहायला नको. मोठ्या शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेकडून डबी आली, मुलीनं नळीत थुंकी दिली, आणि काही आठवड्यांनी एक जाडजूड रंगीत अहवाल आला. त्यात एका पानावर लाल त्रिकोण, आणि पुढे लिहिलेलं: कोड, वाढलेली जोखीम, १.४ पट. त्या पानाचा फोटो संध्याकाळपर्यंत दोन्हीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. ज्या कागदावर त्या मुलीच्या आजारांचे सगळे अंदाज होते, तो तिच्या होणाऱ्या सासरच्या चुलत-मावस माणसांनी चहा पिता पिता वाचला.

मग ती मंडळी माझ्याकडे आली. मुलाचे वडील, आई आणि मुलीचे मामा. मुलीला आणलंच नव्हतं. मामा हात जोडून म्हणाले, “मॅडम, आमचं काय म्हननं न्हाई. पन पाव्हणं म्हंत्यात कागदात आलंय. तुमी काय ते सांगा, तुमचं ते मानतील.”

मी कागद घेतला आणि मुलाच्या वडिलांना विचारलं, “तुम्ही व्यापारी आहात. कोणी सांगितलं की अमुक मालाचा भाव १.४ पट झाला, तर तुमचा पहिला प्रश्न काय असेल?”

ते चटकन म्हणाले, “आधी काय होता?”

मंडळी, हाच तो प्रश्न. हा प्रश्न त्या सगळ्या कागदात कुठेही विचारलेला नव्हता. मी प्रिस्क्रिप्शनचं पान उलटं केलं आणि मांडून दाखवलं. सर्वसाधारण लोकांत कोडाचं प्रमाण शंभरात एकाच्या आगेमागे धरा. म्हणजे हजार मुली घेतल्या तर दहा जणींना. १.४ पट म्हणजे हजारात चौदा. या मुलीसारखा लाल त्रिकोण असलेल्या हजार मुली एका मैदानात उभ्या केल्या, तर त्यातल्या नऊशे शहाऐंशी जणींना जन्मभर कोड होणार नाही. हे लाल रंगात छापायचं होतं का?

“पण आईला आहे ना,” मुलाची आई म्हणाली. बरोबर प्रश्न. आईला असणं हे त्या नळीतल्या थुंकीपेक्षा जास्त सांगतं. त्याचेही आकडे आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अडीच हजारांहून जास्त कुटुंबांचा एक मोठा अभ्यास २००३ साली आला. त्यात रुग्णांच्या सख्ख्या भावंडांत कोडाचं प्रमाण साधारण ६ टक्के निघालं, आणि रक्ताच्या अगदी जवळच्या नातलगांचे आकडेही त्याच आसपास येतात. सामान्य लोकांपेक्षा जास्त आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. शिवाय मुलीचं वय सत्तावीस. कोड होणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते विशीच्या आत होतं. तो टप्पा तिनं कोऱ्या अंगानं ओलांडला होता.

मुलाचे वडील विचार करत होते. मला दिसत होतं की हिशेब त्यांना पटला आहे. त्यांनी विचारलं, “मग हे जनुक-जनुक म्हणतात ते करतं काय नेमकं? शरीराला आपलं-परकं कळत नाही का?” किती चांगला प्रश्न होता! मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा पोतं सगळं ओतत नाहीत, मूठभर नमुना काढून समोर धरतात आणि खरेदीदार तेवढ्यावर ठरवतो. आपली प्रत्येक पेशी हेच करत असते. आत जी प्रथिनं आहेत त्यांचे बारीक तुकडे काढून ती पृष्ठभागावर धरून दाखवते, आणि फिरत्या टी-पेशी ते पाहून जातात. नमुना ओळखीचा असला की पुढे जातात, विषाणूचा असला की पेशीला मारतात. नमुना धरणारा जो हात आहे, त्याला एचएलए म्हणतात. फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये त्यातला पहिला रेणू शोधला, आणि त्या कामासाठी १९८० साली नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. हे हात तयार करणारी जनुकं आपल्या सहाव्या गुणसूत्रावर आहेत, आणि माणसामाणसांत सगळ्यात जास्त फरक कुठल्या जनुकांत असेल तर तो यांच्यात. त्यांची हजारो रूपं नोंदलेली आहेत. माझ्या हाताची पकड एक, तुमच्या हाताची दुसरी. एखाद्या हातात रंगपेशीचे तुकडे जरा जास्त ठसठशीत दिसतात. तेवढ्यानं आजार होत नाही, पण टी-पेशीची नजर तिथे अडकायची शक्यता वाढते.

आणि हे इतके वेगवेगळे हात निसर्गानं ठेवलेच का? कारण उद्या कुठला विषाणू येईल हे कोणालाच ठाऊक नसतं. सगळ्या गावाची पकड एकसारखी असती, तर त्या पकडीतून निसटणारा एकच जंतू आख्खं गाव घेऊन गेला असता. म्हणजे ज्या वैविध्यामुळे तुमच्या घरात कोणाला तरी कोड झालं, त्याच वैविध्यावर आपण सगळे साथीच्या रोगांतून तगत आलो आहोत.

हे सगळं ऐकून मुलाची आई, अगदी साधेपणानं, म्हणाली, “तसं तर मलाही सकाळी उपाशीपोटी गोळी असतेच. थायरॉइडची. माझ्या बहिणीलापण आहे. त्यात काय एवढं?”

मंडळी, खोलीत मामांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या बाईंना विचारलं, “तुमच्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं होतं का, तुमच्या आईला थायरॉइड आहे का म्हणून?” त्या हसल्या, म्हणाल्या, “छे! ते कोण विचारतं?”

कोणीच विचारत नाही. आठ शहरांतल्या पाहणीत, २०१३ साली ती प्रसिद्ध झाली, भारतातल्या प्रौढांत साधारण दहातल्या एकाला थायरॉइड कमी पडत असल्याचं दिसलं. या सभागृहातच कितीजणींच्या पर्समध्ये ती छोटी पांढरी गोळी असेल! त्यातल्या बऱ्याच जणींमध्ये कारण हाशिमोटो असतं, म्हणजे टी-पेशींनी थायरॉइड ग्रंथीवर केलेला हल्ला. कोडात रंगपेशी, इथे ग्रंथी. पीटीपीएन२२, सीटीएलए४ अशा ज्या जनुकांची नावं आम्ही कोडात घेतो, तीच थायरॉइडच्या आजारातही येतात. कोड असलेल्यांत आणि त्यांच्या नातलगांत थायरॉइडचे ऑटोइम्यून आजार इतरांपेक्षा जास्त दिसतात, कारण मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत.

मी त्यांना त्या दिवशी हेच सांगितलं. कागदावर लाल त्रिकोण काढायचेच असतील तर ते दोन्ही घरांवर येतील. तुमच्या घरातला आजार गळ्याच्या आत आहे, म्हणून तो कोणाला दिसला नाही. या मुलीच्या आईचा आजार हातावर आहे, म्हणून तिला आतल्या खोलीत बसावं लागलं. जनुकांच्या दृष्टीनं तुम्ही दोघी मैत्रिणी आहात, विहिणी व्हायला काय हरकत आहे? त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना खरोखर पटलं होतं.

ते लग्न झालं नाही. पटणं आणि भावकीत उभं राहून सांगणं यांत फार अंतर असतं. मुलगी आता दुसरीकडे सुखात आहे, तो मुलगाही आहे, आणि मला त्या कुटुंबाबद्दल कटुता नाही. माझा राग त्या कागदावर आहे. आकडा पटीत छापायचा आणि मूळ प्रमाण छापायचं नाही, हा अन्याय आहे. दुसरं, तो १.४ आकडा आला कुठून? बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. त्या लोकांत आढळणारं पीटीपीएन२२ चं एक रूप टाइप १ मधुमेह, आमवात, थायरॉइड आणि कोड या सगळ्यांची जोखीम वाढवतं, आणि ते रूप भारतीयांत फार विरळ आहे. तिकडच्या लोकांवर बेतलेला हिशेब मिरजेच्या मुलीवर जसाच्या तसा लावायचा, आणि त्यावर तिच्या आयुष्याचा निर्णय सोडायचा? माझी मागणी साधी आहे. असा अहवाल देणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या पानावर दोन ओळी छापाव्यात: शंभरातल्या किती जणांना हा आजार होतो, आणि हा आकडा कुठल्या लोकांवरून काढला आहे. आणि तो अहवाल ज्याचा आहे त्याच्याच हातात द्यावा, समोर बसवून, समजावून.

आणखी एक... हो, चिठ्ठी आली. अध्यक्ष म्हणताहेत दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेवर छापलेला विषय आता सुरू करते. (हशा) भरभर सांगते, वाटलं तर लिहून घ्या.

माणसाच्या जनुकसंचात ३०० कोटी अक्षरं. प्रमाण म्हणून ठेवलेल्या जनुकसंचाशी तुलना केली तर प्रत्येकात ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडतात. बहुतेक फरकांनी काहीही बिघडत नाही. कोडासाठी हजारो रुग्ण आणि निरोगी लोक यांचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले गेले. २००७ मध्ये एनएलआरपी१ या जनुकाचं नाव पुढे आलं, आणि २०१६ पर्यंत अशा जवळपास ५० जागा हाती लागल्या. प्रत्येकीचा परिणाम छोटा. म्हणजे ‘कोडाचं जनुक’ असं काही नाही. आईकडून थोडे फरक येतात, वडिलांकडून थोडे, आणि ते तुमच्या-माझ्यात, सगळ्यांत, कमीजास्त विखुरलेले आहेत. ज्या घरात आजवर कोणालाच कोड नाही त्या घरातही आहेत. म्हणून ‘आमचं घराणं स्वच्छ’ असं कोणी म्हणू शकत नाही.

भारतातलं काम विचाराल तर २०१२ साली उत्तर भारत आणि गुजरातमधल्या रुग्णांवर एक चांगला अभ्यास झाला. दोन्हीकडे एचएलएची काही रूपं, त्यातलं एक डीआरबी१*०७:०१, रुग्णांत जास्त सापडली. दोन वेगळ्या प्रदेशांत तेच रूप यावं, याला महत्त्व आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, आणि त्याला नेमकी दोनच मिनिटं. टायरोसिनेज हे रंग तयार करणारं प्रथिन. त्याच्या जनुकाची दोन रूपं युरोपीय लोकांत सर्रास आढळतात. त्यांच्यावरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात दिसलं की एका रूपानं कोडाची जोखीम वाढते. पण तेच रूप असलेल्यांत मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा जीवघेणा कर्करोग, त्याची जोखीम कमी. दुसऱ्या रूपात प्रथिन नीट घडत नाही, पेशी ते मोडून टाकते, टी-पेशींना दाखवायला तुकडे कमी मिळतात. कोड टळतं, पण कर्करोगी झालेली रंगपेशीही त्यांच्या नजरेतून निसटायची शक्यता वाढते. म्हणजे कोड हे रंगपेशींवरच्या कडक पहाऱ्याचं दुसरं टोक आहे, असा त्याचा अर्थ संशोधक लावतात. ज्या फरकाला आपण सोयरिकीत दोष म्हणतो, तो एखाद्याचा जीव वाचवत असू शकतो. आता सांगा, हे जनुक चांगलं की वाईट?

जनुकांच्या पलीकडचं. एकसारखी जुळी घ्या, जनुकं तंतोतंत तीच. एकाला कोड असेल तर दुसऱ्याला ते फक्त २३ टक्के जोड्यांत दिसलं, मघाच्याच २००३ च्या अभ्यासात. चारातल्या तीन जोड्यांत दुसरं जुळं निरोगी. म्हणजे बाकीचं बाहेरून येतं, किंवा शरीरात योगायोगानं घडतं. बाहेरून कसं येतं त्याचा दाखला जपानचा. त्वचा उजळवणारी काही प्रसाधनं तिथे सुमारे ८ लाख लोकांनी वापरली, त्यात ऱ्होडोडेंड्रॉल नावाचं द्रव्य होतं. २०१३ साली ती बाजारातून परत घ्यावी लागली, कारण सोळा हजारांहून जास्त लोकांच्या त्वचेवर पांढरे डाग उमटले. टायरोसिनेज त्या द्रव्याचं रंगपेशीला विषारी असं रूपांतर करत होतं. आणि तरी पन्नासातल्या एकोणपन्नास जणांना काही झालं नाही.

आपल्याकडचा दाखला तुमच्या कपाळावर आहे. टिकलीच्या डिंकात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं, त्यानं काही जणींना कपाळावर अगदी टिकलीच्या आकाराचा गोल पांढरा डाग येतो. खाज सुटली, लाल झालं, तर त्याच दिवशी ती टिकली सोडा, कुंकू लावा किंवा काही लावू नका. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर पांढरी रेघ दिसली तरी तेच, चप्पल बदला. ज्यांच्या घरात कोड आहे त्यांनी तर उजळपणाच्या क्रीमच्या वाटेला जाऊच नका.

उपचारांबद्दल एकच मिनिट. टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप सोडतात, तो निरोप जेएके नावाच्या रेणूंतून पेशीत पोचतो. तो रस्ता अडवणारं रक्सोलिटिनिब मलम अमेरिकेत २०२२ साली बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी मंजूर झालं. नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशाचा उपचार आपल्याकडे बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत मिळतो. चेहऱ्यावरचे डाग चांगले भरतात, बोटांच्या टोकांचे आणि ओठांचे हट्टी असतात. नवा डाग दिसल्यावर पहिल्या काही महिन्यांत या. वर्षानुवर्षं लपवून, केस पांढरे झालेला डाग घेऊन आलात तर काम फार अवघड होतं, कारण नव्या रंगपेशी मुख्यतः केसांच्या मुळातून येतात.

आणि घराण्याचा इतिहास खरंच कामाला लावायचा असेल तर तो इथे लावा: स्वतःला कोड असेल तर टीएसएचची, म्हणजे थायरॉइड नीट चालतं का हे सांगणारी, रक्ततपासणी करून घ्या. थकवा, वजन वाढणं, केस गळणं यांना वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आई-भावंडांना कोड असेल आणि असाच त्रास होत असेल तर त्यांनीही करावी. तपासणी स्वस्त आहे, गोळी स्वस्त आहे, आणि वेळेवर कळलं तर पुढचा बराच त्रास वाचतो. मघाच्या त्या मुलीच्या आईचं टीएसएच आम्ही केलं, ते वाढलेलं निघालं. ती आता रोज सकाळी तीच गोळी घेते.

वेळ संपली. प्रश्न घेते. खांबाजवळच्या ताई, तुमचा हात केव्हाचा वर आहे, तुम्ही आधी बोला.